कमळाच्या नावचं गाऱ्हाणं

हातखंबा, १९ जानेवारी २०२५

श्री. रावजी धनावडे यांस,

वर आधी 'भावोजी' लिहिलं होतं. तो कागद फाडला. एकोणपन्नास वर्षांपूर्वी तुम्ही माझे भावोजी होता, आता नुसते रावजी.

मी भिकाजी, कमळाचा भाऊ. अक्षर ओळखू येणार नाही, हात थरथरतो. तुम्हीही माझ्यासारखीच सातवीत शाळा सोडलीत, तेव्हा वाचता येईल. पत्र मुलाच्या हाती लागलं तर त्याने न उघडता तुम्हाला द्यावं. उघडलंच तर उघडू दे, त्यालाही कळू दे. पण शक्यतो न उघडता द्यावं.

तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो, कमळा जिवंत आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. तुम्ही तिला आमच्या दारात सोडून गेलात त्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. साखरेने तिच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. नजर अधू झाली आहे. जीभ तेवढी शाबूत आहे.

लिहायचं कारण वेगळं. माझी नात मनस्वी तेवीस वर्षांची आहे. तिला चार-चार महिने पाळी येत नाही. वजन वाढलं, हनुवटीवर केस येतात, मानेच्या मागे काळा पट्टा आला आहे. सुनेला वाटायचं, पोरगी अंघोळ नीट करत नाही. मागच्या आठवड्यात सुनेला ताप होता म्हणून मी मनस्वीबरोबर रत्नागिरीला डॉक्टरकडे गेलो. मी बाहेरच बसणार होतो, पण मनस्वी म्हणाली, "आजोबा, आत या. बाहेर बसवलं तर तुम्ही दहा वेळा दार वाजवाल."

डॉक्टर म्हणजे मृणाली नावाची तरुण बाई. तिने मनस्वीच्या मानेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा मळ नाही. आतल्या इन्सुलिनची खूण आहे ही."

रावजी, तुमच्या आईने कमळाची मान काथ्याने घासली होती, आठवतं? मागीलदारी, न्हाणीच्या दगडावर बसवून. सालटं निघालं, रक्त आलं, काळं गेलं नाही. मग 'घाणेरडी' म्हणून तिला देवाच्या खोलीत यायची बंदी. मी दिवाळीला तिला न्यायला आलो तेव्हा ती पदर मानेभोवती दोनदा गुंडाळून बसली होती. एवढा उकाडा, आणि ती म्हणाली, मला थंडी वाजते.

डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. मला कळलं तसं लिहितो. आपण खातो त्याची साखर होते, ती अंगात जिरवायला इन्सुलिन लागतं. काहींचं अंग त्या इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून शरीर ते आणखी आणखी बनवतं. ते रक्तात फार झालं की बाईच्या बीजकोशाला पुरुषी संप्रेरक जास्त बनवायला लावतं. ते संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच, इथे ते प्रमाणाबाहेर जातं. मग नको तिथे केस येतात, बीज पिकून बाहेर पडत नाही, पाळी चुकते. वजन वाढलं की हे बळावतं आणि हे बळावलं की वजन उतरत नाही. बारीक बायकांनाही होतं म्हणे. लक्ष दिलं नाही तर पुढे साखरेचा आजार. कमळाची बोटं मला तिथेच खुर्चीत दिसली.

मी जन्मभर आंब्याच्या कलमांत काम केलं. एखादं कलम नुसती पालवी घेत राहतं, मोहोर धरत नाही. आतला रस सगळा पानांकडे ओढला जातो. त्याला कोणी वांझ म्हणून तोडत नाही. पाणी कमी करतो, खत बघतो, एक वर्ष थांबतो.

मी डॉक्टरला विचारलं, "हिला मूल होईल ना?" ती म्हणाली, "आधी तिला बरं तर वाटू दे, आजोबा. आणि मुलाचं म्हणाल तर उपचाराने बहुतेकींना होतं."

बहुतेकींना. एसटीत बसून घरी येईस्तोवर मी तो शब्द चघळत होतो. सहा वर्षं कमळा तुमच्या घरात होती. एकदाही डॉक्टरची पायरी तिला दाखवली नाहीत. हे मी आता सोडणार नाही.

भिकाजी

ता. क. तिकीट नीट चिकटत नाही, भाताचं शीत लावलं आहे. पोचल्याचं कळवा.


हातखंबा, ५ फेब्रुवारी

रावजी,

तुमचा फोन आला आणि पत्र पोचल्याचं कळलं. पंधरा दिवस मी पोस्टमनला विचारून हैराण केलं होतं. तो आता आमच्या घराकडून सायकल जोरात मारतो.

तुम्ही म्हणालात, "भिकू, मेलेलं कशाला उकरतोस? तेव्हा कोणाला काय कळत होतं?"

मी म्हटलं, "काथ्या कळत होता."

"आई गेली माझी. गेलेल्या माणसावर बोलू नको." आणि मग म्हणालात, "देवीने कौल दिलान. उजवी पाकळी पडली. मी काय देवीपेक्षा मोठा?"

यावर मी बोलायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. म्हणून लिहितो. ७६ सालचा शिमगा. पालखी टेकते त्या सहाणेच्या चौथऱ्यावर देवी बसलेली, मुंबईची माणसं आलेली, अख्खा गाव जमलेला. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की या बाईच्या अंगात पुरुषपण आहे, तिची कूस भरत नाही, रावजीने दुसरी करायची असेल तर उजवा दे. गाव म्हणाला, व्हय महाराजा. पाकळी पडली. महिन्याभरात चिमावहिनी तुमच्या घरात आल्या आणि कमळा आमच्या.

मी देवीला दोष देत नाही. तिला विचारलं काय ते बघा. 'हिला औषध आहे का' असं त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. डॉक्टरकडे बाकावर मनस्वीच्या शेजारी एक मुलगी बसली होती, हसरी. हातात तशीच फाईल, मानेवर तसाच पट्टा. मला गप्प बसवत नाही. विचारलं, "कुठली गो तू? कोणाची?" तिने गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "रावजी धनावड्यांची नात, ज्ञानेश्वरी."

डॉक्टर म्हणाली होती, हे घराण्यातून येतं, आईकडून येतं तसं बापाकडूनही. कमळाच्या रक्ताचा थेंब तुमच्या घरात नाही. मग हे कुठून आलं? काथ्या ठेवला आहे का अजून घरात?

आणि आणखी एक. ज्ञानेश्वरीचं ज्या अजिंक्यशी ठरतंय त्याचा बाप दीपक माझा शेजारी. हातखंब्याच्या तिठ्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. रविवारी तो माझ्या पडवीत येऊन बसला. "भिकूकाका, तुमची बहीण त्या गावात दिली होती ना? धनावडे माणसं कशी काय?" मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

मी विचार करतो आहे.

यंदाच्या शिमग्याला, त्याच सहाणेवर, सगळा गाव असताना तुम्ही स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणं घालायचं. गुरव नको. कमळाचं नाव घेऊन सांगायचं, की ती घाणेरडी नव्हती, ती बाईच होती, आजारी होती, आणि मी तिला टाकली. तसं झालं तर मी दीपकला सांगेन, माणसं चांगली आहेत. नाही झालं तर बाकावर जे बघितलं ते सांगेन.

भिकाजी

ता. क. कमळाला यातलं काही ठाऊक नाही. फोन तिने उचलला तर ठेवून द्या.


हातखंबा, २० फेब्रुवारी

रावजी,

'तुम्ही' लिहायला आज हात वळत नाही. परवा फोनवर तू रडलास.

"पोरीने काय केलंय तुझं? चोवीस वर्षांची पोर ती. माझं काय करायचं ते कर, तिचं नाव घेऊ नको."

मी म्हटलं, "कमळा पंचवीस वर्षांची होती."

"मुलगे मुंबईहून येतील, सुना येतील. त्यांच्यासमोर?"

"त्यांच्याचसमोर."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्या दिवशी मी पोटभर जेवलो. साखरेची गोळी घेतली की नाही ते मनस्वीने तीनदा विचारलं, आणि मी तीनदा खोटं सांगितलं.

तुला एक चित्र सांगतो, ते डोळ्यांपुढे ठेव. रोज सकाळी कमळा मागीलदारी भिंतीकडे तोंड करून बसते. पायातला काटा काढायचा चिमटा असतो तिच्या हातात. त्याने ती हनुवटीवरचे केस उपटते. एकोणपन्नास वर्षं. त्या वेळी घरातलं कोणी मागीलदारी जात नाही. माझा मुलगा लहान होता तेव्हा एकदा धावत गेला आणि हसला. मी त्याला मारलं. ती म्हणाली, "त्याला कशाला मारतोस?" एवढंच. भिंतीकडे तोंड करायला तिला कोणी शिकवलं? तुझ्या घराने.

शेवटी तू विचारलंस, "भिकू, त्या दिवशी सहाणेवर माहेरचा माणूस कोण होता?" तेव्हा फोन तुटला. रेंज गेली असं समज. बाबा अंथरुणावर होते म्हणून मी आलो होतो. मी मागे आंब्याखाली उभा होतो. ढोल वाजत होते. कोण काय म्हणालं ते आता मला आठवत नाही. आणि विषय तुझा आहे, माझा नाही.

शिमग्याला तीन आठवडे उरले.

भिकाजी


२ मार्च
(हे टाकायचं नाही.)

रावजी,

शिमग्यापर्यंत थांबतो असं लिहिलं होतं. पण दहा दिवस तुझा फोन नाही. पत्र गहाळ झालं की काय, की तुला काही झालं, की तू मला हसतो आहेस, काही कळेना. माझ्याने धीर धरवला नाही. आज सकाळी शर्ट घातला आणि दीपकच्या दुकानात गेलो.

तो ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "दीपक, त्या धनावड्यांच्या मुलीचं सांगायचं राहिलं होतं. तिला बायकांचा तो..."

"पीसीओएस ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"अहो काका, तिनेच सांगितलं. बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीशेजारी फाईल आणून ठेवली. म्हणाली, आत्ताच वाचा, मागाहून तोंडावर मारू नका. आमच्या हिने वाचली आणि म्हणाली, मला साखर, ह्यांना बीपी, आम्ही आमच्या फायली कोणाला दाखवायच्या?" दीपक हसला. "फक्त एक म्हणाली, आमच्या आजोबांना कळू देऊ नका. जुना माणूस आहे, घाबरेल."

आतून अजिंक्य ओरडला, "भिकूआजोबा, ती रोज पाच किलोमीटर चालते! तुम्ही शेवटचे कधी चाललात?"

"आत्ताच चालत आलो," मी म्हटलं आणि तसाच घरी आलो.

माझ्या तोंडात जो शब्द आला होता तो दीपकमुळे तोंडातच राहिला. तो शब्द माझा नव्हता, तुझ्या आईचा होता, 'घाणेरडी'. मनस्वीच्याच बाकावर बसलेल्या पोरीसाठी तो मी इतके दिवस सांभाळून ठेवला होता.

हे टाकायचं नाही म्हणून आणखी लिहितो. त्या दिवशी मी आंब्याखाली नव्हतो. पुढे होतो. गुरवाने विचारलं, "माहेरच्यांना मान्य हाय?" ढोल थांबले होते. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी व्हय म्हटलं, एकट्याने. मला वाटलं, नाही म्हटलं तर ती तिथेच रोज मरेल. असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे एवढी माणसं बघत होती आणि मला घाम फुटला होता.

डॉक्टरने मला विचारलं होतं, "तुमच्या घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?" मी नाही म्हटलं. मनस्वी माझ्याकडे बघत राहिली.

तरीही रावजी, माझ्या हातात आता काही उरलं नाही हे मी तुला कळू देणार नाही. भी तू. शिमग्यापर्यंत भी.


हातखंबा, ४ मार्च

रावजी,

मी दीपककडे जाऊन आलो. काय बोललो ते सांगत नाही. १४ तारखेला सकाळी सहाणेवर येतो. हे कार्ड आहे, पोस्टमन वाचतो, म्हणून आटोपतं घेतो.

भिकाजी


हातखंबा, १७ मार्च

भावोजी,

आज कागद फाडला नाही.

सोबत २ मार्चचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाचा. वाचलंत? म्हणजे तुम्ही ज्याला भ्यालात ते नव्हतंच. पोरीने ते आपल्या हाताने बशीशेजारी मांडलं होतं. दीपककडे जाऊन आल्यावर बारा दिवस मी तुम्हाला फुकटचं थरथरवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. कमळा एकोणपन्नास वर्षं थरथरली. ज्ञानेश्वरीला मात्र रागावू नका. तिने तुम्हाला जपलं.

आता सहाणेवरचं. तुम्ही देवीकडे तोंड करून होता, म्हणून मागचं तुम्हाला दिसलं नाही. ते मी सांगतो.

मी आणि मनस्वी पायरीजवळ उभे होतो. कमळाला ये म्हटलं तर म्हणाली, "तिथे एकदा झालं तेवढं पुरे." तुम्ही अनवाणी आलात. मुलाने दंड धरला होता तो झटकलात. गुरव पुढे झाला तर त्याला म्हणालात, "तू थांब. आज मी बोलणार." तुमचा आवाज चिरका झाला आहे, पण शेवटपर्यंत ऐकू आला.

"बा महाराजा, बारा वाड्यांच्या आई! सोनू घवाळ्याची लेक कमळा माझ्या घरात नांदत होती."

"व्हय महाराजा," असं गावाने म्हणायला हवं होतं. कोणी म्हणेना. मागे एक सून दुसरीला विचारत होती, "कोण कमळा?" ती म्हणाली, "म्हाताऱ्याची पहिली." "पहिली होती?" तुमच्या नातवंडांना ठाऊकच नव्हतं, भावोजी. तुम्ही तिला नुसती टाकली नाही, पुसून टाकली.

"ती घाणेरडी नव्हती. पुरुष नव्हती. तिच्या अंगात आजार होता नि आमच्या डोक्यात अंधार. मी तिला औषध केलं नाय, टाकली. ही चूक माझी, तिची नाय, महाराजा."

तेव्हा पहिला आवाज बाईचा आला. "व्हय महाराजा." ते कोण म्हणालं ते तुम्हाला कळलं नसेल. चिमावहिनी. तुमच्याकडे बायका उत्तर देत नाहीत, पुरुष मागे वळून बघायला लागले. त्यांनी पदर नीट केला आणि पुन्हा म्हटलं. मग गाव म्हणाला. ज्ञानेश्वरी त्यांच्या शेजारी उभी होती. तिने तुमच्याकडे बघितलं नाही, मनस्वीकडे बघितलं. दोघींची ओळख झाली आहे, चालायला मिळून जातात म्हणे.

माझा जीव थंड झाला. मला वाटलं, संपलं. चप्पल शोधायला लागलो.

आणि तुम्ही म्हणालात, "आणि त्या दिवशी तिचा थोरला भाऊ हितंच उभा होता, जिथे आज उभा हाय. गुरवाने त्याला इचारलं, नि तो व्हय बोलला. त्याचंही पदरात घे, महाराजा."

गाव सवयीने म्हणाला, "व्हय महाराजा."

आणि सवयीने मीही म्हणालो, भावोजी. तोंडातून निघून गेलं. सगळ्यांबरोबर, मोठ्याने.

मनस्वी माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही व्हय म्हणालात?"

"आत्ता सगळेच म्हणाले."

"आत्ताचं नाही विचारत मी."

तुम्ही मला बरोबर जागी मारलंत. मी तुम्हाला ज्या चौथऱ्यावर ओढून आणलं तिथेच. मानलं.

घरी आलो तर कमळा चुलीशी होती. मी सांगायला सुरुवात केली, की रावजीने गाऱ्हाणं घातलं, असं म्हणाला, तसं म्हणाला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन म्हातारे जाऊन देवीला सांगून आलात. देवीने तेव्हाही ऐकलं होतं. मला कोण सांगणार?"

मी दाराची चौकट धरली. म्हटलं, "कमळे, तेव्हा मी व्हय म्हटलं होतं."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगायला हवं? मी त्यांच्या पडवीत बसले होते. सहाण तिथून किती लांब? तुझा आवाज काय मला ओळखू येत नाही?"

एकोणपन्नास वर्षं तिने मला ताट वाढलं. तिला ठाऊक होतं. मी विचारलं, "मग कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "जाणार कुठे होते? जो वाढतो त्याच्याशी भांडून चालत नाही." आणि भाकरी उलटली. खरं म्हणजे वाढत ती होती. पण मला समजलं.

उद्या मनस्वीची डॉक्टरकडची तारीख आहे. घरात आणखी कोणाला होतं का, हे पुन्हा विचारतील. कमळा म्हणते, मीच येते, बघू दे त्या बाईला.

आज सकाळी मागीलदारातून हाक आली. "भिक्या, इकडे ये."

मी गेलो नाही. त्या वेळी आम्ही जात नाही.

"ये म्हणते ना! मोतीबिंदूने काही दिसत नाही मला. मनस्वी कामावर गेली. हा धर."

तिने चिमटा माझ्या हातात दिला, पाट फिरवला आणि भिंतीकडे पाठ करून बसली. तोंड उजेडाकडे, माझ्याकडे. एकदा कातडीच ओढली गेली, तेव्हा तिने मला आईवरून शिवी दिली, आणि मग आई एकच आहे हे आठवून स्वतःच हसली. सात निघाले. उद्या पुन्हा बोलावलं आहे.

भावोजी, तिच्या हनुवटीखाली डाव्या बाजूला एक तीळ आहे. लहानपणी आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. मी विसरलो होतो. तुम्हाला तो कधी दिसला होता का?

भिकाजी